आठ दिवसांची पाहुणी

सांडणी उठताना मागून आधी उठते, हे घेवरने सांगितलंच नाही. तनुश्री थेट उंटिणीच्या मानेवर आदळली.

“मागे रेल, बाई,” धापूबाई दारातून म्हणाली. “तो काही सांगायचा नाही.”

घेवर तिचा एकुलता मुलगा. जोधपूरला शाळेत शिकवायचा. तनुश्री त्याच शाळेतली शिक्षिका, मूळची कोलकात्याची. तिला वाळवंटातलं गाव बघायचंय, आठ दिवस राहील, एवढंच त्याने फोनवर कळवलं होतं.

पोरीने लळा लावला. बाजरीचे सोगरे थापायला बसली. ते तुटले, तर तुटलेलेच दुधात कुस्करून खाल्ले. दुपारी ती धापूबाईच्याच खाटेवर आडवी व्हायची आणि बोलता बोलता दोघींना डोळा लागायचा. नवरा गेल्यापासून त्या घरात इतकं बोलणं झालं नव्हतं.

ऊन कललं की धापूबाई काहीतरी निमित्त काढून दोघांना टेकड्यांकडे पिटाळायची. वाळू केशरी व्हायची, मग जांभळी. सांडणी तिच्यात पोहत असल्यासारखी लांब लांब जायची. पुढे दोरी धरून घेवर, वर ती. दोघांत शब्द नाही. धापूबाई डोळ्यांवर हात धरून बघत राहायची आणि चरफडायची.

शेजारच्या हंजाने तिला टोकलं, की पोर परजातीची, लोक नावं ठेवतील. लोक संध्याकाळी माझ्याशी बोलायला येतात का, असं धापूबाईने तिलाच विचारलं.

सातव्या दिवशी दोघं अंधार पडता पडता परतली. घेवरही सांडणीवर, तिच्या मागे बसलेला. दोघांचे डोळे लाल. वाळू गेली असेल, असं धापूबाईला वाटलं.

सकाळी तनुश्रीची बॅग दाराशी आली. तेव्हा धापूबाईने पेटीतून आपली गळ्यातली चांदीची हांसळी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

“मला फिरवून बोलता येत नाही. माझ्या घेवरशी लग्न करशील? जातीचं मी बघून घेईन. तो घुमा आहे, पण वाईट नाही.”

तनुश्री हांसळीवरून बोट फिरवत राहिली. वर बघेना.

घेवर आईच्या पायाशी बसला.

“मां, आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. “ते मोडतोय, हे सांगायला आलो होतो.”