कारागीर अज्ञात

प्रदर्शनात मासे पकडायच्या बांबूच्या जुन्या काठ्या मांडल्या होत्या. "पाय दुखतायत, चल घरी," असं म्हणत सासूबाई माझ्यामागून येत होत्या. शेवटच्या काठीखाली कार्ड होतं: 'कारागीर अज्ञात'.

"बाकीचे काठीवर रेशमी दोरा उजवीकडून गुंडाळायचे, यानं डावीकडून गुंडाळलाय," तिथले जाणकार सांगत होते. "डावखुराच असणार. याच्या काठ्या मी जन्मभर हुडकतोय. पठ्ठ्याचा एकही वेढा अजून सैल झालेला नाही! नाव तेवढं कळत नाही."

सासूबाई पायदुखी विसरल्या.

"पठ्ठ्या कसला! पेन द्या इकडे."

जाणकारांनी पेन पुढे केलं. सासूबाईंनी ते डाव्या हातात घेतलं आणि आधी 'अज्ञात' खोडलं.