चटई ओढणारा माणूस

स्पेनमधल्या टेनिस अकादमीतून येरुती रोज संध्याकाळी पॅराग्वेला आईला व्हिडिओ कॉल लावी. रोज आईला एकच दिसे. फोन बाकावर टेकवलेला आणि लेक लाल मातीच्या कोर्टावर जड चटई ओढत माती सारखी करतेय.

"तुला खेळायला पाठवलंय की झाडलोट करायला?" भट्टीतून चिपाचे पाव काढता काढता आई कडाडे. "मग माझं अंगण काय वाईट होतं? महिनाअखेरीला गुमान परत ये."

"थोडे दिवस थांब ना, आई," एवढंच येरुती म्हणे.

आज फोन लागला, तर येरुती बाकावर बसून संत्रं खात होती. मागे एक पिकल्या केसांचा माणूस धापा टाकत चटई ओढत होता.

"ठेवला बाई एकदाचा गडी!" आई खूश झाली. "पण किती म्हातारा गं! पाणी तरी दे त्याला."

"गडी नाही, ते माझे कोच. फेर्मिन सर. इथे हरेल त्यानंच चटई ओढायची असते."

आईच्या हातातला पाव हातातच राहिला. "म्हणजे तू इतके दिवस..."

"रोज हरत होते."

चटई टाकून फेर्मिन फोनपाशी आले. "सेन्योरा, हिला परत नेणार होतात ना? रोज ऐकतोय मी. न्या, आजच न्या! माझी कंबर गेली."

"आता कशाला?" आई म्हणाली. "येरुती, उद्या जरा लवकर फोन लाव गं. मला पहिल्यापासून बघायचंय."