निळ्या मार्करचा नंबर

"कॉम्प्रेसर बंद कर आधी, मला हा पाइप उतरवू दे," असं म्हणत पिराजी मिस्त्री शिडीवर चढलासुद्धा. छताखालून गेलेला पांढरा प्लॅस्टिकचा पाइप खरा घरातल्या पाण्याचा. त्यानंच तो इथं गॅरेजात कॉम्प्रेसरच्या दाबाच्या हवेला जोडला होता आणि वर निळ्या मार्करनं स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला होता. तो नंबर बघूनच औद्योगिक वसाहतीत त्याला अशी आणखी कामं मिळाली.

त्यातल्याच एका कारखान्यात परवा असाच पाइप फुटला. लोखंडी असता तर हवा नुसती फुसफुसली असती. याच्या काचेसारख्या ठिकऱ्या उडाल्या आणि वेल्डरचा डोळा गेला.

"काका, तीन वर्षांत काही झालं नाही," गॅरेजवाला शिकलगार म्हणाला. "लोखंड गंजतं, प्लॅस्टिककडे जन्मभर बघायला नको, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"तेव्हा मला अक्कल नव्हती रे."

"मग आता माझं काम कशाला बंद पाडता? दारात गाड्या उभ्या आहेत. उतरा खाली."

त्यानं असे पाइप बसवलेल्यांपैकी हे शेवटचं दार होतं. आधीच्या सगळ्यांनी त्याला असंच वाटेला लावलं होतं. पाइपाच्या बरोबर खाली दोन मेकॅनिक मान वाकवून नट खोलत होते.

शिकलगारची पाठ फिरली तसा पिराजीनं खिशातला पॉलिश पेपर काढला आणि आपला नंबर घासून टाकला.

"बघितलंत ना नीट?" तो उतरल्यावर शिकलगारनं विचारलं. "काय झालंय का त्याला?"

"काही नाही," पिराजी म्हणाला आणि शिडी उचलून चालू लागला.