नववी काठी

"मावशी, या काठ्या सुरुंगांच्या खुणा होत्या!" सुरुंग काढायला आलेला जवान ओरडला. युक्रेनमधल्या त्या लहानशा खेड्यात पारास्काने शेतातल्या त्याच नऊ काठ्या उपटून परसातल्या टोमॅटोंना आधार दिला होता.

"गेल्या हिवाळ्यात कुंपणसुद्धा चुलीत गेलं. टोमॅटो काय तुझ्या खांद्यावर चढवू?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं हे शेत कसतेय. कुठली काठी कुठली, विचार."

ही जर्दाळूखालची, ही विहिरीजवळची... आठ जागा तिने न अडखळता सांगितल्या. नववी काठी मात्र ती नुसतीच न्याहाळत राहिली.

"ही कुठली, आठवत नाही रे."

शेतापलीकडे गाय हंबरली. धारेची वेळ झाली होती. बादली घेऊन निघालेली पारास्का युद्ध सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच बांधावर थबकली.