नवी कोरी पिन

"रबर कडक झालंय, काका," दुरुस्तीवाल्या काळुरामने रेकॉर्ड प्लेअरची पिन उजेडात धरली. "वापरली नाही तरी आतलं रबर म्हातारं होतंच."

महेंद्र तापले. "अरे, नोकरीला लागलो तेव्हापासून कपाटात आहे. कालपर्यंत डबी उघडलेली नव्हती. वापरलीच नाही तर बिघडेल कशी?"

"ठेवून ठेवूनच बिघडतात."

कल्याणपासून ठाकुर्लीपर्यंत महेंद्र रिक्षात धुमसत होते. मानपाड्याच्या कंपनीत लागल्यावर पहिल्या पगारातून त्यांनी ही पिन आणि भावगीतांची एक रेकॉर्ड घेतली होती. पिन डोक्यासकट होती, ट्यूबलाइटच्या स्टार्टरसारखी फिरवली की बसणारी. नव्या रेकॉर्डला जुनी पिन लावायची नाही, नव्या पिनेला कुणी हात लावायचा नाही, असा घरात कायदा होता. रिटायर झालो की निवांत ऐकू म्हणून त्यांनी जन्मभर एवढंच एक सुख बाजूला ठेवलं होतं. आणि काल लावली तर आवाज फाटका. पहिल्याच गाण्याला त्यांनी वैतागून बंद केली होती.

घरी तुळसाबाई मेथी निवडत होत्या. जुडीचा लाल रबरबँड त्यांनी मनगटात अडकवला होता.

"काय म्हणाला हो?"

"म्हणे रबर कडक होतं." महेंद्रनी डबीचा लाल रबरबँड ताणून काढला. तो छान ताणला गेला. "डोंबलाचं कडक."

"होतंच," तुळसाबाई घाईने म्हणाल्या. "माझा शालू नाही का घडीवर फाटला? वस्तू ठेवून ठेवून खराबच होते."

"शालू आणि पिन एक का? तुला गाण्यातलं काय कळतं?"

"मला काय कळणार," म्हणत त्या मेथी घेऊन आत गेल्या.

महेंद्रनी हट्टाने तीच पिन बसवून पुन्हा रेकॉर्ड लावली. फाटकं तर फाटकं, आज शेवटपर्यंत ऐकायचं. पण दुसऱ्या गाण्याचं पहिलं कडवं संपेपर्यंत त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. त्यांनी पिन उचलली.

आत नळ चालू होता. रेकॉर्ड थांबल्याचं तुळसाबाईंना कळलंच नाही. त्या गुणगुणतच होत्या. दुसऱ्या कडव्यात त्या एका ओळीच्या मध्यावर आल्या आणि तिथूनच टुणकन पुढच्या ओळीवर गेल्या.

"अगं, रेडिओवर इतकं वाजायचं हे गाणं," महेंद्र ओरडले. "अर्धी ओळच खाल्लीस."

आतला आवाज बंद झाला. नळही बंद झाला.

मान हलवत महेंद्रनी पिन पुन्हा टेकवली. दुसरं कडवं आलं, आणि रेकॉर्डने नेमकी तीच अर्धी ओळ खाल्ली.