झेललं ते झेललं

१९७८ साली ओसाकात बायकांच्या कुस्तीच्या दोन कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. ‘सुमिरे’च्या मुली लढतीआधी गाणं म्हणत, आणि रिंगणाच्या दोरावरून उडी घेणारीला खालची प्रतिस्पर्धी हमखास झेलत असे. ‘हागाने’त गाणं म्हणजे पोरखेळ आणि झेलणं म्हणजे लबाडी. आज दोघींच्या लढतीत जिंकेल तीच कंपनी टीव्हीवर दिसणार होती.

‘सुमिरे’ची फुमिए दोरावर चढली.

“ये गं बाहुले, ये खाली!” ‘हागाने’ची रित्सुको गुरगुरली.

फुमिएनं सवयीनं उडी घेतली. रित्सुको सरळ बाजूला झाली. फुमिएचा डावा खांदा निखळला.

“म्हण ना आता गाणं!” तिला खिजवायला रित्सुको स्वतःच दोरावर चढली, पण तिला कुठली सवय! पाय घसरून ती डोकं खाली, पाय वर अशी कोसळू लागली. फुमिएनं नुसतं सरकायचं होतं, लढत तिचीच होती. तिनं एका हातानं तिला झेललं आणि तिच्याखाली चिरडली गेली. तिची पाठ टेकलेली पाहून पंचांनी तीन मोजले आणि रित्सुकोचा हात उंचावला.

“वेडी कुठली,” रित्सुको पुटपुटली.

‘सुमिरे’ वर्षभरात बंद पडली. फुमिए कोबेतल्या शाळेत व्यायाम शिकवत म्हातारी झाली. रित्सुको नऊ वर्षं अजिंक्य राहिली. दर नववर्षाला तिचं फुमिएला पत्र येई. फुमिए ते न फोडता, पाकिटावर ‘झेललं ते झेललं’ एवढंच लिहून परत पाठवी.