हवाई अंतर

"रस्त्याने किती वेळ लागेल?" संमतिपत्रावर सही करून वसुधाताईंनी विचारलं.

"बारा तास, काकू," रुग्णालयातली समन्वयक म्हणाली. "हृदय चार तासांत बसवायला हवं. म्हणून विमानाने नेतोय. नागपूर ते पुणे सव्वा तास."

तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या वसुधाताईंनी मनातल्या मनात गणित मांडलं. हवाई अंतर सहाशे वीस किलोमीटर, शिवाय दोन्ही शहरांतला रस्ता आणि शस्त्रक्रिया. चार तासांत बसत होतं. उत्तर बरोबर आलं, पण त्यांना काहीच वाटलं नाही.

त्यांचा हर्षल पुण्यात नोकरीला. सुट्टीत बसनेच घरी यायचा. "विमानाने ये रे एकदा," त्या म्हणायच्या. "बसमध्ये झोप तरी होते, आई. विमानात डोळा लागतो न लागतो तोच उतरवतात." परवा तो घराजवळच मोटारसायकलवरून पडला. आज सकाळी डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं.

दुपारी एक तरुण डॉक्टर निळी पेटी घेऊन निघाला. वसुधाताई बाकावरून उठल्या. हर्षलला दरवेळी दारातून सांगायच्या, तेच त्यांच्या तोंडून आपसूक निघालं. "पोचलास की फोन कर."

तो क्षणभर थबकला, मान हलवून गेला.

सव्वादोन तासांनी फोन वाजला. त्या अजून त्याच बाकावर होत्या.

"पोचलो, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या. "आता काहीतरी खाऊन घे."